धुकं, मोतीबिंदू आणि अबोला: सध्या वाचलेल्या प्रेमकादंबऱ्या

लष्करवाली
१४ जानेवारी, रात्री ९.४०

तिळगूळ घ्या, गोड बोला. आमच्याकडे सोबत गजकही (तिळाची कुरकुरीत मिठाई) असते, तेव्हा गजक घ्या आणि माझं हे लांबलचक बोलणं गोड मानून घ्या.

ग्वाल्हेरात दहा दिवस सूर्य नाही. सकाळी अकरापर्यंत समोरच्या गच्चीवरची टाकी दिसत नाही आणि झेलम एक्सप्रेस कधी येते, कधी जाते याचा स्टेशनालाही पत्ता नसतो. त्यात डिसेंबरअखेर आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वय ब्याऐंशी. दिवसातून चार वेळा थेंब, काळा चष्मा आणि सगळ्यात मोठी शिक्षा म्हणजे वाचन बंद. दोन दिवस तिने रेडिओ ऐकला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू काय वाचून राहिली आहेस? मोठ्याने वाच."

मी वाचत होते जेन ऑस्टिनची 'पर्स्युएशन'. आईला इंग्रजी येतं, पण गोष्ट ऐकायची तर मराठीतच, असा तिचा हट्ट. मग डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडाने मराठीत सांगायचं, असं सुरू झालं. दुपारी तीन ते पाच, रजईत पाय घालून. दोघींना इतकी चटक लागली की मोलकरीण भांडी घासून गेली तरी कळत नाही.

गोष्ट सांगते. (प्रेमकादंबरीत शेवट काय होणार हे बारशालाच ठरलेलं असतं, तेव्हा स्पॉयलर म्हणून कुणी ओरडू नये.) अ‍ॅन इलियट एकोणीस वर्षांची असताना नौदलातल्या एका तरुणाला होकार देते. त्याच्याकडे पैसा नाही, घराणं नाही, म्हणून आईच्या जागी असलेली लेडी रसेल तिला समजावते आणि ती ठरलेलं मोडते. आठ वर्षांनी तो परत येतो. कॅप्टन झालाय, शत्रूची जहाजं पकडून पंचवीस हजार पौंड गाठीला बांधलेत. ती सत्तावीस, घरात कुणाच्या खिजगणतीत नाही. आणि आता ही दोघं रोज एकाच दिवाणखान्यात समोरासमोर. एक शब्द नाही.

आईची पहिली प्रतिक्रिया: "पंचवीस हजार, त्या काळचे? मग मोडलं तेच बरं. नाहीतर हिच्यापायी किनाऱ्यावरच बसला असता."

पण पुढे एक जागा येते तिथे ती गप्प झाली. अ‍ॅन आजारी भाच्यापाशी गुडघे टेकून बसलीय. त्याचा दोन वर्षांचा धाकटा भाऊ तिच्या पाठीवर चढतो, मानेला घट्ट मिठी मारतो, उतरायचं नाव घेत नाही. खोलीत कॅप्टन वेंटवर्थ आहे. अचानक तिला जाणवतं की पाठीवरचं ओझं गेलं. मान मोकळी झाली. कुणीतरी त्या पोराला उचलून नेलं आणि ते कुणी केलं हे तिला मागाहून कळतं. तो काही बोलत नाही, तिला आभारही मानता येत नाहीत. पुढच्याच प्रकरणात लांब फिरायला गेल्यावर ती दमलेली त्याला दिसते, आणि तो तिला आपल्या बहिणीच्या गाडीत बसवून देतो. पुन्हा, न बोलता.

आई म्हणाली, "हे आपल्याकडचंच आहे गं."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. प्रेमकादंबरीत मला गुंतवते ती कबुली नव्हेच. कबुली आली की मी पानं भराभर उलटते. मला धरून ठेवतो तो अबोला. रागाचा, संकोचाचा, चार माणसांत असल्याचा, कसलाही. एका छपराखाली, एका पंगतीत, आणि बोलायची सोय नाही. ज्या लेखिकेला हा अबोला पन्नास पानं ताणता येतो तिची मी गुलाम.

आता दुसरी चालू आहे, जॉर्जेट हेयरची 'अ सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट', १९६१ची. ही तर जवळजवळ बघून-दाखवून केलेल्या लग्नाची गोष्ट! अ‍ॅडम लढाईवरून परत येतो तो वडील गेलेले, वाडवडिलांची इस्टेट कर्जात बुडालेली. प्रेम आहे ज्युलियावर. लग्न करावं लागतं जेनीशी. ती एका धनाढ्य व्यापाऱ्याची मुलगी, बुटकी, गुबगुबीत, दिसायला साधी, आणि ज्युलियाचीच शाळेतली मैत्रीण. तिचं त्याच्यावर आधीपासून प्रेम आहे, पण ते ती उभ्या पुस्तकात अंगावर दागिना घालून मिरवत नाही. त्याला काय आवडतं, कुठला गोंगाट नको वाटतो, हे नुसतं टिपत राहते. सासरेबुवांचं पात्र तर बहार. जावयाला भेटींखाली असा दाबतात की त्याचा जीव गुदमरतो, आणि माणूस मात्र मनाने निर्मळ.

मला अडचण आली ती भाषांतराची. जेनी नवऱ्याबद्दल तिऱ्हाइताशी बोलते तेव्हा मराठीत काय म्हणू? "अ‍ॅडम म्हणाला" असं सांगितलं तर आईने लगेच अडवलं. "नाव कसं घेईल ती? 'इकडून सांगणं झालं' असं म्हण." आणि खरं सांगते, 'इकडून' म्हटल्याबरोबर जेनी माझ्या डोळ्यांसमोर लुगड्यात उभी राहिली.

तुम्ही सध्या काय वाचताय? अबोल्याच्या कादंबऱ्या सुचवा. दुपारी तीन ते पाच हा स्लॉट रिकामा पडायला नको.

मुरारचा_मी
१४ जानेवारी, रात्री १०.१५

पहिला! गजक घेतली. धागा आवडला. बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली, "अबोला हवा असेल तर उद्यापासून देते."

रात्री_दीड
१५ जानेवारी, रात्री १.३२

ताई, तुमच्या अबोल्याला आमच्या पिढीत 'स्लो बर्न' म्हणतात. पुस्तकाच्या पाठीवर तेवढे दोन शब्द दिसले की मी डोळे मिटून विकत घेते. सोबत 'एनिमीज टू लव्हर्स' असेल तर डबल. मी ब्रिजर्टन मालिकेवरून या वाटेला लागले (ती डिसेंबर २०२० मध्ये आली, मी तेव्हा घरात कोंडलेली). मग कळलं की मूळ पुस्तक, ज्युलिया क्विनचं 'द ड्यूक अँड आय', २००० सालीच आलंय. आणि मग कळलं की या सगळ्या रीजन्सी प्रकरणाची (म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं इंग्लंड) थोरली आजी म्हणजे तुमची हेयरबाई.

'स्लो बर्न'ला मराठीत काय म्हणावं?

बिनसाखरेचा
१५ जानेवारी, सकाळी ७.०५

मंदाग्नी.

रात्री_दीड
१५ जानेवारी, सकाळी ९.५०

मंदाग्नी म्हणजे अपचन हो काका!!

बिनसाखरेचा
१५ जानेवारी, सकाळी ९.५८

प्रेमकादंबऱ्यांबद्दल मला तेच म्हणायचं होतं. (दिवे घ्या.)

कोथरूडची_माहेरवाशीण
१५ जानेवारी, दुपारी १२.२०

'मंद आचेवर' म्हणा, झालं. बासुंदीसारखं.

लष्करवाली, माझं माहेर जनकगंजचं, त्यामुळे धुकं वाचूनच हुडहुडी भरली. हेयरबद्दल थोडी भर घालते. तिची पहिली कादंबरी 'द ब्लॅक मॉथ' १९२१ला आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि ती मुळात आजारातून उठणाऱ्या भावाची करमणूक करायला सांगितलेली गोष्ट होती. म्हणजे तुमचं दुपारचं वाचन अगदी घराण्याच्या परंपरेतलं आहे. बाई मुलाखती देत नसत, स्वतःबद्दल बोलत नसत. त्यांचाही अबोलाच.

एक सावधगिरी मात्र. 'द ग्रँड सोफी' आईंना वाचून दाखवणार असाल तर सावकाराचा प्रसंग येईल तिथे जपून. १९५०चं पुस्तक आहे, महायुद्धात ज्यूंचं काय झालं ते जगाला कळून चुकल्यानंतरचं, आणि तरी त्यात ज्यू सावकार इतका ओंगळ रंगवलाय की माझं मन उडालं. बाकी पुस्तक खळाळतं आहे, म्हणून जास्तच खटकतं.

'पर्स्युएशन'ची एक गंमत ठाऊक आहे का? ऑस्टिनने शेवट आधी वेगळा लिहिला होता. १९१६... चुकले, १८१६च्या जुलैमध्ये कादंबरी संपवली, मन भरलं नाही, आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत शेवट नव्याने लिहिला. पहिल्या मसुद्यात वेंटवर्थचं ते प्रसिद्ध प्रेमपत्र नाहीच! रद्द केलेली ती प्रकरणं तिच्या हस्ताक्षरात शिल्लक आहेत, आणि तिच्या पूर्ण झालेल्या कादंबऱ्यांपैकी हस्तलिखित उरलंय ते एवढंच. पुस्तक छापून आलं डिसेंबर १८१७मध्ये. ती त्याच वर्षीच्या जुलैत गेली होती.

लष्करवाली
१५ जानेवारी, दुपारी २.४५

माहेरवाशीण, हे माहीत नव्हतं! म्हणजे अबोला कसा मोडायचा यावर तीही अडली होती. आणि मोडला तो कसा, तर बोलून नाहीच. अ‍ॅन खिडकीपाशी दुसऱ्याच माणसाशी वाद घालतेय, बाईचं प्रेम जास्त टिकतं की पुरुषाचं यावर. हा टेबलाशी दुसरंच पत्र लिहितोय, मध्येच त्याच्या हातून लेखणी खाली पडते. तो ऐकतोय. आणि त्याच खोलीत बसून तिला लिहितो. सहा हातांवर असलेल्या बाईला पत्र!

आईला हा प्रसंग दोनदा वाचून दाखवावा लागला. तीन वाजत आलेत, पळते.

बिनसाखरेचा
१५ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

आता गंभीरपणे. अबोल्याचं हे जे गोडवे गाणं चाललंय ते मला पटत नाही. माझी आजी वाड्यात नांदली. चौदा माणसं, आणि नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायची चोरी. आजोबांना चहा हवा असेल तर ते अंगणातल्या पोराला सांगत, "बाळ्या, चहाचं बघ म्हणावं." पोराला काही कळायचं नाही, चहा मात्र यायचा. आपल्याला ते आज गोंडस वाटतं. आजीला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "पहिली पाच वर्षं मला त्यांचा आवाज नीट ओळखू येत नव्हता." यात कसला रोमान्स? अ‍ॅनचीही आठ वर्षं वायाच गेली की. लेखिकेने शेवटी दान पदरात टाकलं म्हणून आपण टाळ्या वाजवतो. ज्यांचा कॅप्टन परत आला नाही त्यांच्यावर कोण लिहिणार?

सुमा
१५ जानेवारी, संध्याकाळी ७.१०

+१. आजीचं वाक्य वाचून थांबले.

लष्करवाली
१५ जानेवारी, रात्री ८.५५

बिनसाखरेचा, तुमच्या आजीच्या वाक्यापुढे माझा सगळा युक्तिवाद फिका आहे, हे आधी कबूल. लादलेला अबोला म्हणजे नुसती मुस्कटदाबी.

पण म्हणूनच मला जेनी महत्त्वाची वाटते. हेयर ते लपवत नाही. जेनीचं लग्न हा सरळ व्यवहार आहे, नावातच करार आहे. ज्युलियाला रडायची, रुसायची, मूर्च्छा यायची मुभा आहे आणि जेनीला नाही, हे पुस्तक पानोपानी दाखवतं. वाचताना मला ज्युलियाचा राग येत होता, मग कळलं की राग खरा तर या मुभेचा आहे.

आणि ज्यांचा कॅप्टन परत येत नाही त्यांच्यावर आपल्याकडे गौरी देशपांडेंनी लिहिलंय असं मला वाटतं. 'एकेक पान गळावया' १९८०चं, त्यात तीन दीर्घकथा आहेत. त्यातली 'कारावासातून पत्रे' मी विशीत वाचली तेव्हा डोक्यावरून गेली होती. आता पन्नाशीत पुन्हा वाचली आणि दोन रात्री झोप नाही. प्रेमकथा म्हणून दुकानात ती त्या फळीवर कुणी ठेवणार नाही, पण प्रेमाबद्दल इतकं निर्भीड मराठीत मी फार थोडं वाचलंय.

आजोबा_वाचतात
१६ जानेवारी, सकाळी ६.२०

ग्वाल्हेरकरांनी धागा काढला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुसुमावतींचं नाव निघालं नाही, याचं नवल वाटलं. आपल्याच गावात १९६१ साली मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष कुसुमावती देशपांडे. संमेलनाच्या इतिहासातल्या पहिल्या महिला अध्यक्ष. आमचे वडील तिथे सतरंज्या उचलायला होते, त्यांच्या बोलण्यात तो मांडव कायम असे. त्याच वर्षी नोव्हेंबरात कुसुमावती गेल्या.

या धाग्याशी संबंध असा की मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा साक्षेपी आढावा घेतला तो याच बाईंनी. आणि त्यांची स्वतःची प्रेमकथा कुठल्याही कादंबरीला मागे टाकेल. कवी अनिल आणि त्या, दोघांची लग्नाआधीची पत्रं 'कुसुमानिल' नावाने छापलेली आहेत. मध्ये त्या शिकायला लंडनला. लग्न १९२९ साली. अनिल १९५८ला मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष, त्या १९६१ला ग्वाल्हेरच्या. नवरा-बायको दोघं संमेलनाध्यक्ष! लष्करवाली यांनी तीन ते पाचच्या वेळेत ते पुस्तक घ्यावं. भाषांतराची कटकट नाही.

कोथरूडची_माहेरवाशीण
१६ जानेवारी, सकाळी १०.०५

आजोबा, साष्टांग. 'कुसुमानिल'ची वाचनखूण साठवली. म्हणजे 'सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' आणि ग्वाल्हेरचं संमेलन एकाच वर्षीचे!

सुमा
१६ जानेवारी, सकाळी ११.३०

तुम्ही सगळे फार उच्च वाचता बाई. माझी सुरुवात मिल्स अँड बूनने झाली. महाराज बाड्याच्या चौकाजवळ एक भाड्याने पुस्तकं देणारं दुकान होतं, दिवसाला आठ आणे. दुकानदारकाका पुस्तक खाकी कागदात गुंडाळून देत, जणू काही औषधाची बाटली. भौतिकशास्त्राच्या वहीत ठेवून वाचायची. पुढे कळलं की ही कंपनी १९०८ची, आणि सुरुवातीला सगळ्या प्रकारची पुस्तकं काढायची. जॅक लंडनसुद्धा त्यांनी छापलाय! हे तेव्हा माहीत असतं तर बाबांना सांगितलं असतं की लांडग्यांवरचं वाचतेय.

आईच्या पिढीत ती जागा काकोडकरांची. उशीखाली चंद्रकांत काकोडकर, उशीवर ज्ञानेश्वरी.

मुरारचा_मी
१६ जानेवारी, दुपारी १.१५

काकोडकरांवर तर खटला झाला होता. 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकातली 'श्यामा' ही कथा अश्लील ठरवली म्हणून. सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९६९मध्ये सुटले. न्यायमूर्तींना ती कथा बसून वाचावी लागली असणार, हे मला कायम गमतीचं वाटत आलंय.

बिनसाखरेचा
१६ जानेवारी, दुपारी १.४०

पगारी वाचन. भाग्यवान.

लष्करवाली
१८ जानेवारी, रात्री ९.१०

दोन दिवस गायब होते, कारण 'सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट' संपवायचीच असं आईने फर्मान काढलं. काल रात्री वीज गेली तर मोबाईलचा टॉर्च धरून वाचायला लावलं. वॉटर्लूच्या लढाईत हरल्याची अफवा पसरते, सगळं लंडन रोखे विकत सुटतं, सासरा जावयाला विक म्हणून सांगतो आणि हा उलट विकत घेतो. लढाईची बातमी येईपर्यंत आईचा जीव टांगणीला. "शेअरबाजाराची पण असते का प्रेमकादंबरी?" असं दोनदा विचारून झालं.

शेवट फार शांत आहे. अ‍ॅडम जेनीला सांगतो की त्याचं तिच्यावर प्रेम आहे, आणि तिला कळतं की हे ज्युलियासाठी होतं त्या जातीचं नाही. ती ते कळूनच घेते. मला रडू फुटलं. आई म्हणाली, "त्यात काय रडायचं? तिला जे हवं होतं त्यातलं बरंच मिळालं की."

मग मी तिला हा धागा वाचून दाखवला. बिनसाखरेचा यांच्या आजीपाशी तिने मान हलवली. काकोडकरांपाशी आल्यावर हसायलाच लागली, काळा चष्मा काढून डोळे पुसले (नको म्हटलेलं असताना!). म्हणाली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. घरात सासू, दोन चुलत सासवा, नणंदा. ती शेजारणीकडून आणलेलं काकोडकरांचं पुस्तक गादीखाली ठेवून वाचायची. एक दिवस बाबांनी गादी उन्हात टाकायला स्वतः उचलली. पुस्तक बघितलं. काही बोलले नाहीत. तिचे पाय लटपटत होते. संध्याकाळी पुस्तक जागच्या जागी. चार दिवस बाबा मान वर करून बघेनात, हिला वाटलं आता माहेरी पाठवणार. पाचव्या दिवशी तिने हात घातला तर गादीखाली दोन पुस्तकं. दुसरंही काकोडकरांचंच, नवं कोरं, बाड्यावरून आणलेलं, एकमेकांना जोडलेली पानंसुद्धा अजून फाडायची होती.

"मग? तुम्ही बोललात त्यावर?"

"छे. मी ती पानं फाडली आणि वाचलं."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आम्हा मुलांना हे ठाऊक नव्हतं. मी विचारलं, त्या दुसऱ्या पुस्तकाचं नाव काय होतं? म्हणाली, "ते नाही सांगणार."

सुमा
१८ जानेवारी, रात्री ९.२५

काही बोलत नाही. (धाग्याला साजेसं.)

बिनसाखरेचा
१८ जानेवारी, रात्री १०.०२

माझा आक्षेप कायम. पण आईंना नमस्कार सांगा. आणि त्यांना डोळे चोळू देऊ नका.

रात्री_दीड
१९ जानेवारी, रात्री १.३०

मी 'नीलांबरी' शोधतेय, काकोडकरांची. 'दो रास्ते' सिनेमा तिच्यावरून घेतला होता असं आईने सांगितलं. कुणाकडे आहे का? टपालखर्च देईन. खाकी कागदात गुंडाळून पाठवलीत तरी चालेल.